आयटीच्या सर्टिफिकेटला मुदत का असते, आणि ते चालू कसं ठेवायचं

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला किंवा पहिल्या नोकरीत असताना शिरपूर, भुसावळ, धुळ्याकडची पुष्कळ मुलं एखादं आयटीचं सर्टिफिकेट करतात. कुणी सिस्कोचं नेटवर्किंगमधलं सीसीएनए, कुणी ॲमेझॉनच्या क्लाउडचं म्हणजे एडब्ल्यूएसचं, कुणी मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचं म्हणजे अझूरचं. (क्लाउड म्हणजे इंटरनेटवरून भाड्यानं वापरायचे सर्व्हर.) फी डॉलरमध्ये असते. सीसीएनएच्या परीक्षेला ३०० डॉलर लागतात. ज्या घरात केळीची पट्टी (विक्रीचा हिशेब आणि पैसे) हातात आल्यावरच मोठे खर्च ठरतात, त्या घरात ही रक्कम लहान नाही. त्यामुळे तीन वर्षांनी ‘आपल्या प्रमाणपत्राची मुदत संपत आहे’ असा मेल आला की वडील विचारतात, “पोरा, एकदा पास झाला ना तू? मंग पुन्हा पैसे कायले?”

प्रश्न रास्त आहे. बी.ई.ची पदवी आयुष्यभर चालते. एमएस-सीआयटी एकदा केलं की झालं. आयआयटींच्या एनपीटेलवर ऑनलाइन कोर्स करून परीक्षा दिली, तर त्या प्रमाणपत्रावर संपायची तारीख नसते. मग यालाच का?

कारण हे कागद दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. पदवी किंवा कोर्सचं प्रमाणपत्र घडून गेलेली गोष्ट सांगतं : अमुक साली या माणसानं एवढा अभ्यास केला आणि तो पास झाला. ती गोष्ट जुनी होईल, खोटी होणार नाही. सीसीएनए किंवा अझूर ॲडमिनिस्ट्रेटरचं सर्टिफिकेट मात्र चालू काळात बोलतं : हा माणूस आज हे काम करू शकतो. ‘आज’ म्हटलं की ते अधूनमधून पुन्हा तपासावं लागणारच.

पूर्वी सगळीकडे असं नव्हतं. हार्डवेअर शिकणाऱ्यांना माहीत असलेलं, कॉम्पटिया या संस्थेचं ए प्लस २०१० सालापर्यंत आयुष्यभरासाठी मिळायचं. १ जानेवारी २०११ पासून ते ३ वर्षांचं झालं. विंडोज सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठीचं मायक्रोसॉफ्टचं एमसीएसई एके काळी जिल्ह्याच्या गावात केवढा मान मिळवून द्यायचं, ते त्या पिढीतल्या कुणालाही विचारा. त्याला तारीख नव्हती, पण ते विंडोज एनटी, विंडोज २०००, सर्व्हर २००३ अशा एकेका आवृत्तीला बांधलेलं असायचं. आवृत्ती बाजारातून गेली की सर्टिफिकेट कागदावर राहायचं, कामाला यायचं नाही. ३१ जानेवारी २०२१ला मायक्रोसॉफ्टनं एमसीएसई आणि त्याच्या जोडीची एमसीएसए, एमसीएसडी ही तिन्ही बंद केली. त्यांच्या जागी कामाच्या भूमिकेनुसार सर्टिफिकेटं आली. सुरुवातीला त्यांची मुदत २ वर्षं होती, २०२१च्या मध्यापासून ती १ वर्षावर आली.

यात कंपन्यांचा पैशाचा हिशेब आहे का? आहे. सिक्युरिटी प्लस हे सुरक्षेतलं सर्टिफिकेट चालू ठेवायला कॉम्पटिया दरवर्षी ५० डॉलर घेते. सुरक्षेतलंच सीआयएसएसपी देणारी संस्थाही वार्षिक शुल्क घेते. पण मायक्रोसॉफ्ट सर्वांत कमी मुदत देते आणि नूतनीकरणाला एक रुपयाही घेत नाही. म्हणजे केवळ पैशासाठी हे चाललंय असं म्हणता येत नाही. दुसरं कारण जास्त मोठं आहे, आणि पुढची १०-१५ वर्षं या धंद्यात काढायची असतील तर ते नीट समजून घ्यायला हवं.

रेड हॅटचं आरएचसीई घ्या. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधलं हे मानाचं सर्टिफिकेट. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ पर्यंत त्याच्या परीक्षेत एकेका सर्व्हरवर बसून सेवा चालू करायला लागायच्या : वेबसर्व्हर, मेल, डीएनएस, नेटवर्कवरचं स्टोरेज. २०१९ मध्ये आठवी आवृत्ती आली आणि परीक्षेचा गाभाच बदलला. आता अन्सिबल नावाच्या साधनानं एकाच ठिकाणी बसून अनेक सर्व्हरना एकदम कामाला लावायचं, हे तपासतात. नाव तेच, ‘आरएचसीई’, पण २०१६ चा आरएचसीई आणि २०२२ चा आरएचसीई यांचं रोजचं काम वेगळं आहे. कागदावर तारीख नसती, तर मुलाखत घेणाऱ्याला हा फरक कळलाच नसता.

कुबरनेटिसचं उदाहरण याहून बोलकं आहे. मोठ्या कंपन्यांमध्ये ॲप्लिकेशनं कंटेनरमध्ये (लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसकट बांधलेल्या पेटीत) चालवायला ही प्रणाली वापरतात. तिच्या वर्षाला साधारण तीन आवृत्त्या निघतात, आणि एका आवृत्तीला जेमतेम १४ महिने आधार, म्हणजे दुरुस्त्या आणि सुरक्षेचे अपडेट, मिळतो. २०२० मध्ये शिकलेल्या माणसाला सर्व्हरवर डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनाच्या कमांड मारून कंटेनर पाहायची सवय लागली. मे २०२२ मध्ये १.२४ ही आवृत्ती आली आणि कुबरनेटिसमधला डॉकरशी थेट जोडणारा भाग काढून टाकला गेला. नव्या सर्व्हरवर तीच सवय उपयोगी पडेना. सीकेए या कुबरनेटिसच्या सर्टिफिकेटची मुदत १ एप्रिल २०२४ पासून ३ वर्षांवरून २ वर्षांवर आणली, त्यामागे हा वेग आहे.

हे सगळं ऐकून नवख्या मुलाला धडकी भरते. सारखं सगळंच बदलणार असेल तर शिकायचं तरी काय? पण सगळं बदलत नाही. इंटरनेटवर माहितीची पाकिटं कशी जातात हे सांगणारं आयपीव्ही४चं मानक १९८१ चं आहे, आणि आजही सबनेटिंगचं (नेटवर्कचे लहान भाग पाडायचं) गणित तसंच करावं लागतं. लिनक्समध्ये फाइल कुणी वाचायची, कुणी बदलायची, याचे नियम युनिक्सच्या सुरुवातीच्या दिवसांतले आहेत. डेटाबेसशी बोलायची भाषा एसक्यूएल १९७० च्या दशकातली. दोन संगणक बोलायला लागण्याआधी टीसीपी जे तीन टप्पे घेतं, ते एकदा खरोखर समजलं की नेटवर्कमधला बिघाड शोधताना आयुष्यभर पुरतं. झपाट्यानं बदलतं ते वरचं : स्क्रीनवरची बटणं, सेवांची नावं, किमती, डिफॉल्ट सेटिंग. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ‘अझूर ॲक्टिव्ह डिरेक्टरी’चं नाव बदलून ‘एंट्रा आयडी’ केलं. ज्याला नुसतं नाव पाठ होतं तो गोंधळला. लॉगिन म्हणजे काय, अधिकार कसे द्यायचे, दुहेरी पडताळणी का लावायची हे ज्याला कळत होतं, त्याला अर्ध्या तासात नवी पाटी ओळखीची झाली.

म्हणून पहिलं सर्टिफिकेट करताना वेळ तळाशी घाला. सीसीएनएचा अभ्यासक्रम २०२० मध्ये बदलला, तेव्हा पूर्वीच्या अनेक शाखा एकत्र करून एकच परीक्षा केली आणि ऑटोमेशन हा १० टक्के गुणांचा नवा भाग आला. पण नेटवर्कची मूलतत्त्वं, स्विचिंग आणि राउटिंग हे तीन भाग मिळून आजही ६५ टक्के गुण घेतात. ज्यानं हा ६५ टक्क्यांचा भाग पाठ न करता समजून घेतला, त्याला तीन वर्षांनी पुन्हा परीक्षेला बसताना सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही. मला तर वाटतं, महाविद्यालयात असताना एखादं क्लाउडचं प्रगत सर्टिफिकेट घाईनं करण्यापेक्षा नेटवर्क आणि लिनक्स पक्कं केलेलं कधीही बरं.

आता चालू ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं ते पाहू. कंपनीनुसार रीत वेगळी आहे, पण मुळात वाटा दोनच : पुन्हा परीक्षा द्या, किंवा शिकत राहून क्रेडिट (शिकल्याबद्दल मिळणारे गुण) जमवा. रावेर-यावलकडच्या माणसाला हे एका वाक्यात सांगता येईल. केळीच्या भाषेत, परीक्षा म्हणजे नवती (नवी लागवड) आणि क्रेडिट म्हणजे पिलबाग. नवती लावायची तर रोपं, मशागत, सगळा खर्च नव्यानं. पिलबागेत पहिला घड उतरला की बुंध्याशी राखलेल्या पिलावर दुसरं पीक येतं, लागवडीचा खर्च वाचतो. पण पिलावर पील घेत गेलं की बाग विस्कळीत होते, घड हलके पडतात, आणि कधीतरी रान मोकळं करून नवती लावावीच लागते. क्रेडिटवर सर्टिफिकेट एकदा रिन्यू करणं शहाणपणाचं आहे. सलग तीन-चार वेळा नुसत्या क्रेडिटवरच चालवलं, तर कागद हिरवा राहतो आणि हात मागे पडतो.

सिस्कोमध्ये सीसीएनए ३ वर्षांचं असतं. ते वाढवायला एक परीक्षा द्या, किंवा ३० क्रेडिट जमवा. त्यावरच्या पायऱ्यांना, सीसीएनपीला ८० आणि सीसीआयईला १२० लागतात. क्रेडिट सिस्कोनं मान्य केलेल्या कोर्समधून मिळतात, आणि कंपनी अधूनमधून मोफत कोर्सही उघडते. ते ठरावीक दिवसच उघडे असतात, म्हणून मेल न वाचता टाकून देऊ नका. सीसीएनए असलेल्या माणसानं सीसीएनपीची मुख्य परीक्षा पास केली तर सीसीएनएही त्याबरोबर रिन्यू होतं. बहुतेक कंपन्यांचा नियम असाच आहे : वरची पायरी चढलात की खालचीही टिकते. एडब्ल्यूएसमध्ये सोल्युशन्स आर्किटेक्ट प्रोफेशनल पास झालं की त्याखालच्या सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएटची मुदत वाढते. रेड हॅटमध्ये आरएचसीईमुळे त्याखालचं आरएचसीएसए टिकतं. कॉम्पटियात वरच्या सायसा प्लसमुळे सिक्युरिटी प्लस टिकतं.

ज्याच्याकडे पैसे मोजके आहेत त्यानं या नियमाभोवतीच आपली आखणी करावी. तीच परीक्षा परत देऊन फी भरण्यापेक्षा तिसऱ्या वर्षी वरची परीक्षा द्यायची, असं पहिल्या दिवशीच ठरवा. फी एकदाच जाते आणि हाती नवी गोष्टही येते. एडब्ल्यूएसची कोणतीही परीक्षा पास झाली की पुढच्या परीक्षेसाठी ५० टक्के सवलतीचं व्हाउचर खात्यात पडतं. कित्येकांना ते आहे हेच माहीत नसतं, आणि ते तसंच वाया जातं.

मायक्रोसॉफ्टची रीत सगळ्यांत सोपी, आणि तिथेच सगळ्यांत जास्त मुलं चुकतात. मुदत संपायच्या ६ महिने आधी मायक्रोसॉफ्ट लर्न या त्यांच्या संकेतस्थळावर तुमच्यासाठी नूतनीकरणाची छोटी परीक्षा उघडते. फी नाही, देखरेख करणारा नाही, घरी बसून द्यायची. प्रश्न मुख्यतः गेल्या काळात काय बदललं यावर असतात. नापास झालात तर दुसऱ्यांदा लगेच देता येते, त्यानंतर प्रत्येक वेळी २४ तास थांबायचं. मुदत संपेपर्यंत कितीही वेळा देता येते. पास झालात की आधीच्या तारखेत एक वर्ष वाढतं, म्हणजे लवकर दिल्यानं तुमचा एक दिवसही जात नाही. पण तारीख उलटली आणि दुसऱ्या दिवशी आठवलं, तर सवलत नाही. पूर्ण परीक्षा, पूर्ण फी. म्हणून ही परीक्षा उघडली की त्याच महिन्यात उरकून टाका. अझूरच्या एझेड-९०० सारख्या मूलभूत पातळीच्या सर्टिफिकेटला मुदतच नसते, त्याची काळजी नको.

एडब्ल्यूएसमध्ये मात्र हिशेब उलटा आहे. तिथं नवी ३ वर्षं पास झालेल्या दिवसापासून मोजतात, म्हणून फार आधी दिलं तर उरलेले महिने वाया जातात. गूगल क्लाउडची प्रोफेशनल सर्टिफिकेटं २ वर्षांची आहेत. सुरक्षेतलं सीआयएसएसपी चालवायला ३ वर्षांत १२० क्रेडिट लागतात, प्रकल्प व्यवस्थापनातल्या पीएमपीला ६०. ही दोन्ही अनुभवी माणसांची आहेत. नुकत्याच पास झालेल्यानं त्यांच्या मागे लागू नये.

क्रेडिटची वाट धरली तर एक सापळा लक्षात घ्या. वेबिनार लावून ठेवायचा, दुसऱ्या टॅबमध्ये क्रिकेट पाहायचं आणि शेवटी क्रेडिट घ्यायचं, हे सहज जमतं. याचा तोटा मुलाखतीत दिसतो, जेव्हा समोरचा म्हणतो, “हे करून दाखवा.” त्याहून वाईट म्हणजे डंप. परीक्षेतले चोरलेले प्रश्न टेलिग्रामवर विकले जातात आणि ‘१०० टक्के पास’ अशी खात्री दिली जाते. पकडलं गेलं तर कंपनी सर्टिफिकेट रद्द करते आणि पुढच्या परीक्षांना बंदीही घालू शकते. पकडलं गेलं नाही तरी मुलाकडे राहतं काय? कागद आहे आणि हाताला काही येत नाही. त्या मुलाला पहिल्याच प्रकल्पात रात्री दोन वाजता बंद पडलेला सर्व्हर उघडायला सांगतात, तेव्हा त्याची जी अवस्था होते ती पाहवत नाही. आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन दिलेले पैसे असे जाऊ नयेत, एवढंच मी कळकळीनं सांगेन.

मग हात चालू कसा ठेवायचा? जळगाव-नंदुरबारमध्ये बसूनही हे पूर्ण करता येतं, त्याला पुणं लागत नाही. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर मोफत मिळतं, त्यात पूर्ण नेटवर्क उभं करून मोडून पाहता येतं. रेड हॅट एकट्या शिकणाऱ्याला मोफत सदस्यत्व देतं, त्यावर १६ मशीनपर्यंत त्यांची प्रणाली कायदेशीर वापरता येते. जुना लॅपटॉप आणि थोडी जास्तीची मेमरी एवढ्यात लॅब होते. क्लाउडची मोफत खाती आहेत, पण तिथं आधी खर्चाची सूचना लावा. एखादा सर्व्हर बंद करायचा राहिला तर महिनाअखेरी बिल येतं, आणि ते कार्डावर पडतं.

काम मात्र खरं निवडा. घरच्या केळीच्या पट्ट्यांची नोंद घ्या : तारीख, गाडी, वजन, भाव, कटती, हातात आलेली रक्कम. हे डेटाबेसमध्ये ठेवा. वडिलांना सगळं दिसावं, काकांना फक्त त्यांच्या शेताचं दिसावं, असे अधिकार लावा. रोज रात्री बॅकअप निघावा, आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप परत भरून पाहावा. क्लाउडच्या परीक्षेतले निम्मे विषय या एवढ्याशा कामात येतात : डेटाबेस, ओळख आणि अधिकार, साठवण, खर्च, सुरक्षा. शिवाय मुलाखतीत सांगायला तुमची स्वतःची गोष्ट असते, जी कुठल्याही डंपमध्ये सापडत नाही. दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी हीच छोटी प्रणाली नव्या आवृत्तीवर न्या. काय मोडलं, का मोडलं, हे वहीत लिहा. माझ्या मते नूतनीकरणाचा खरा अभ्यास हाच.

इथंच नोकरी करणाऱ्यांचं थोडं वेगळं आहे. पतसंस्था, डाळ मिल, सराफ पेढी, शाळा, दवाखाने यांचे संगणक सांभाळणारी माणसं आपल्याकडे खूप आहेत. त्यांच्याकडे सर्टिफिकेट सहसा कुणी मागत नाही. पण विंडोज सर्व्हर २०१२ चा आधार १० ऑक्टोबर २०२३ ला संपला, लिनक्सच्या सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ ला. सुरक्षेचे अपडेट नियमितपणे येणं थांबलेली अशी यंत्रं अजूनही कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात चालू आहेत. त्यांवरचा डेटा नव्या प्रणालीत सुखरूप नेणारा माणूस जुनं आणि नवं दोन्ही जाणणारा लागतो. अशा माणसाचं जुनं ज्ञान वाया गेलेलं नसतं. त्याला फक्त नव्या बाजूचं एखादं चालू सर्टिफिकेट जोडलं की त्याच्या कामाला वेगळा भाव येतो.

पुण्यात किंवा घरून मोठ्या कंपनीसाठी काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विचारून ठेवावी. मायक्रोसॉफ्ट, एडब्ल्यूएस, सिस्को यांच्या भागीदार असलेल्या सेवा कंपन्यांना त्यांचा दर्जा टिकवायला ठरावीक प्रमाणित कर्मचारी दाखवावे लागतात. म्हणजे तुमचं सर्टिफिकेट चालू असणं ही कंपनीचीही गरज असते. असं असेल तर परीक्षेची फी आणि अभ्यासाला वेळ मागायला संकोच कशाला? बऱ्याच ठिकाणी ही सोय असते, मागणारा नसतो. आपल्याकडची मुलं मागायला फार लाजतात.

सगळीच सर्टिफिकेटं जिवंत ठेवायची गरज नाही, हेही स्पष्ट सांगतो. रोजच्या कामाचं एक, आणि ज्या दिशेनं जायचंय तिचं एक, अशी दोन चालू असली की पुरे. बाकीची सुखानं संपू द्या. कधीकधी कंपनीच सर्टिफिकेट बंद करते. एडब्ल्यूएसनं एप्रिल २०२४ मध्ये डेटाबेस आणि डेटा ॲनालिटिक्स ही विशेष सर्टिफिकेटं बंद केली. ज्यांच्याकडे होती त्यांची आपापल्या मुदतीपर्यंत वैध राहतात, मग संपतात. त्यात त्या माणसांचा काही दोष नाही, आणि त्यांचं डेटाबेसचं ज्ञानही कुठे गेलं नाही. संपलेलं सर्टिफिकेट बायोडेटात ‘सीसीएनए, २०१९ ते २०२२’ असं वर्षासकट लिहा. ते खरं आहे आणि त्याला किंमत आहे. संपलेलं असताना चालू म्हणून लिहू नका. डिजिटल बॅजवर क्लिक केलं की तपासणाऱ्याला मुदत लगेच दिसते, आणि एवढ्याशा गोष्टीवरून हातात आलेली नोकरी जाते.

परीक्षा घरून द्यायची असेल तर आपल्याकडच्या परिस्थितीचा विचार करा. देखरेखीच्या ऑनलाइन परीक्षेत खोलीत दुसरं कुणी आलं, तुम्ही कॅमेऱ्याबाहेर गेलात, तर परीक्षा तिथंच थांबवली जाऊ शकते. नेट गेलं तर वेगळी धावपळ. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास, वीज जायची भीती, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरवाशिणी आलेल्या, घरात लेकरांचा गलबला : अशा वेळी घरून परीक्षा ठरवू नका. शक्य असेल तर केंद्रावर जाऊन द्या, गाडीभाड्याचे पैसे सार्थकी लागतात. घरूनच द्यायची तर सकाळची वेळ घ्या, नेटची वायर थेट लॅपटॉपला लावा आणि इन्व्हर्टर आदल्या दिवशी तपासा.

खातं कुठल्या मेलवर उघडलंय, हेही आज पाहून ठेवा. कॉलेजच्या किंवा कंपनीच्या मेलवर उघडलेलं असेल तर ती जागा सुटल्यावर मेल बंद होतो, आणि मुदत संपल्याचा इशारा तुमच्यापर्यंत पोचतच नाही. सर्टिफिकेटचं खातं स्वतःच्या कायमच्या मेलवर हवं. दोन मेलवर दोन खाती झाली असतील तर कंपनीच्या मदत कक्षाला लिहून ती एकत्र करून घ्या. वेळ लागतो, पण होतं.

आणि हे विशेषतः आपल्या ताईंसाठी. लग्नाआधी माहेरच्या आडनावानं परीक्षा दिली, नंतर आधार कार्डावर नाव बदललं, मधली काही वर्षं लेकराबाळांत गेली, आणि आता भुसावळला किंवा अमळनेरला राहून घरून काम शोधायचंय, अशा कितीतरी जणी आहेत. परीक्षेच्या दिवशी ओळखपत्रावरचं आणि खात्यातलं नाव जुळलं नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत आणि फीही जाऊ शकते. म्हणून परीक्षा ठरवायच्या आधी नाव बदलल्याचा पुरावा देऊन खात्यातलं नाव दुरुस्त करून घ्या. जुनी सर्टिफिकेटं त्याच खात्यात राहू द्या, नवं खातं उघडू नका. मुदत संपली असेल तरी जुना इतिहास तिथं दिसतो. मध्ये पाच-सहा वर्षं गेली असतील तर संपलेलं सर्टिफिकेट लगेच परत मिळवायच्या मागे लागू नका. आधी दोन-तीन महिने मायक्रोसॉफ्ट लर्नवरचे मोफत धडे आणि पॅकेट ट्रेसर यांवर हात बसवा. मग एझेड-९०० सारखं मुदत नसलेलं मूलभूत सर्टिफिकेट घ्या, म्हणजे चालू वर्षाची एक नोंद बायोडेटात येते. ॲडमिनिस्ट्रेटर पातळीची परीक्षा मात्र अर्ज करायच्या बेतात असाल तेव्हाच द्या. तिचं एक वर्षाचं घड्याळ पास झालेल्या दिवसापासून सुरू होतं, आणि ते नोकरीच्या मुलाखतींच्या काळात चालू असलेलं हवं.